बायकोविरुद्धचं यंत्र

परीक्षक बाई तीन टेबलांच्या अंतरावर येऊन ठेपल्या होत्या आणि गोनेरीच्या यंत्राकडे काळं कुत्रं फिरकत नव्हतं. पॅरिसच्या शोधकांच्या जत्रेतली सगळी गर्दी शेजारी, त्याच्याच बायकोच्या टोपलीपाशी.

"रोझेन, चाखायला द्यायची कालवं यंत्राने उघडायची असं ठरलं होतं ना?"

"तुझं यंत्र एक उघडेस्तोवर ही माणसं घरी जाऊन जेवतील." तिने सुरी फिरवली. शिंपला उघडला, आतलं पाणी थेंबभरही सांडलं नाही. लोक लिंबू पिळून मिटक्या मारत होते.

गोनेरीने कपाळाला हात लावला. यंत्र केलं कोणासाठी, तर हिच्यासाठी. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या बंदरावर तिचा उभा जन्म कालवं उघडण्यात गेलेला. मनगट असं सुजायचं की कॉफीचा पेला धरवत नसे. नाताळात तर घरोघरी कालवं लागत; आणखी एक नाताळ सुरी चालवलीत तर हात कामातून जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गिऱ्हाइकं म्हणत, यंत्राचं नको, रोझेनच्या हातचं दे. जत्रेचं पदक मिळालं असतं तर तीच गिऱ्हाइकं गप्प बसली असती. एवढं साधं गणित, आणि ते ज्या बाईच्या भल्याचं तिलाच कळू नये!

परीक्षक बाई आल्या. दोघांकडे बघून त्यांना गंमत सुचली. "असं करू. डझनभर यंत्राने, डझनभर मादामनी. बघू कोण आधी."

गोनेरी बायकोच्या कानाशी वाकला. "हळू उघड."

"मुद्दाम हरू?"

"हो."

"एवढ्या लोकांदेखत?"

"लोकांदेखतच हरायचंय, बाई."

तिने खरंच प्रयत्न केला. पहिली दोन कालवं तिने रेंगाळत उघडली. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "दमल्या वाटतं आजी."

मग कसलं हळू. यंत्र निम्म्यावर असताना तिचं ताट भरलं. टाळ्या पडल्या. परीक्षक बाईंनी हसत एक कालव तोंडात टाकलं, एकही गुण न लिहिता पेन खिशात ठेवलं आणि त्या पुढच्या टेबलावरची आपोआप मिटणारी छत्री बघायला गेल्या. त्यांच्यामागे गर्दीही गेली.

"झालं समाधान?" गोनेरी यंत्राचा दांडा मागे ढकलत करवादला. "दोन हिवाळे शेडमध्ये कुडकुडत काढले मी. आता नाताळात उघडत बस सगळ्या गावाची कालवं. मला रात्री उठवून मनगटाला तेल लाव म्हणू नकोस."

त्याने वळून पाहिलं. रोझेन खुर्चीत बसली होती. सुरी अजून मुठीतच.

"ठेव आता ती. कोणाला दाखवतेयस?"

"ठेवता येत नाहीये."

तिची बोटं सुरीच्या मुठीवर आवळून बसली होती. गोनेरी तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, बडबडतच. त्याने करंगळीपासून सुरुवात केली, एकेक बोट सोडवू लागला.

"हळू उघड," रोझेन म्हणाली.