कोणी न विचारणारं गाव

विपुल फोनवर कुजबुजत बोलत होता, कारण तिकडे रविवार होता.

"रविवारी इथं आवाज करत नाईत, बाबा. भिंतीत खिळा ठोकाचा नाई, गवत कापाचं मशीन लावाचं नाई. इतकं शांत का आपलं बोट मोडलं तरी गावभर ऐकू जाते."

वरूडजवळच्या घरात मोबाईल संत्र्याच्या रिकाम्या कॅरेटला टेकवून ठेवला होता. समोर पुंजाराम आणि रुख्मिणी बसले होते. शेजारचे खुशालराव विरजण न्यायला आले होते, ते वाटी मांडीवर घेऊन तिथंच बसले होते.

"कोन मेलं?" पुंजारामने विचारलं.

"कोनी नाई मेलं."

"मंग गाव गप काहून हाय?"

विपुल हसला. जर्मनीतल्या या तीनशे बारा वस्तीच्या खेड्यात त्याला सात महिने झाले होते. कंपनीचं काम तो घरूनच करायचा आणि दर रविवारी आईबापाला तिथलं एक सुख सांगायचा. नळाचं पाणी गाळायला लागत नाही, हे सांगून झालं होतं. सायकलला कुलूप लावायला लागत नाही, हेही. आजचं सुख त्याने राखून ठेवलं होतं.

"सगळ्यात भारी सांगू? इथं कोनी काही विचारतच नाई. कुठी चालला, पिशवीत काय हाय, लग्न कधी करतं, काहीच नाई. सात महिन्यात माह्या दारावर एक मानूस आला नाई."

आता इकडेही रविवार झाला.

"एकबी नाई?" रुख्मिणीने विचारलं. "विरजनाले?"

"नाई."

"भाजीवर टाकाले हिरव्या सांभाराच्या दोन काड्या मांगाले?"

"नाई व आई."

खुशालरावांनी वाटी हळूच खाली ठेवली. "भाऊ," ते पुंजारामला म्हणाले, "पोट्ट्याले वाळीत टाकलं हाय."

पुंजारामला तेच वाटलं होतं, फक्त दुसऱ्या कोणी ते म्हणायची तो वाट पाहत होता. लक्षणं सगळी जुळत होती. बोलत नाहीत, विचारत नाहीत, दारात पाऊल टाकत नाहीत.

"काय केलं तू तिथं?"

"म्या काहीच नाई केलं."

"काहीच केलं नाई त कोनी वाळीत टाकत नाई. कोनाच्या वावराचा बांध-धुरा कोरला काय?"

"माह्यापाशी वावर कुठी हाय बाबा इथं? अन् हे माह्यासंगंच नाई. इथं सगळे सगळ्यायसंग असेच वागतात."

"सगळ्यायनं सगळ्यायले टाकलं?" खुशालराव म्हणाले. "मंग गाव चालते कसं?"

पुंजाराम पुढे सरकला.

"हे पाय. गावाले रोडग्याचं जेवन दे. वांग्याची भाजी, वरन, गोवऱ्यायवर भाजलेले कनकेचे रोडगे. तीनशे बाराच लोक त हायत. एक डाव पंगतीत बसला का मानूस परत घेतला जाते."

"गोवऱ्या कुठून आनू?" विपुलच्या तोंडून निघून गेलं.

"गाई नाईत काय तिथं?"

"हायत. पन शेन उचलाले परवानगी लागते."

"कोनाची?"

"सरकारची असन."

"मंग अर्ज टाक."

"ते रोडगे राहू द्या," रुख्मिणी म्हणाली. तिने मोबाईल कॅरेटवरून उचलून हातात घेतला. "विपुल, तू शेवटचा कोनासंग बोलला? समोरासमोर. तोंडानं."

विपुल आठवू लागला. आठवणं जरा लांबलं. मागे कुठेतरी त्याचा फ्रिज घुरघुरत होता, तो साफ ऐकू येत होता.

"मंगळवारी," तो म्हणाला. "दुकानात." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पन त्या दिवशी बाई आली नव्हती. मशीन होतं."

"खिडकीपाशी जाय," रुख्मिणी म्हणाली. "मले एक मानूस दाखव."

पडद्यावर रस्ता आला. धुतल्यासारखा स्वच्छ, दोन्ही बाजूंना घरं, घरांना फुलांच्या कुंड्या. माणूस नव्हता. सगळे पाहत राहिले. विरजण न्यायला गेलेला नवरा परत का येत नाही म्हणून खुशालरावांच्या गोदाबाई आल्या, काय चाललंय ते विचारून घेतलं आणि त्याही पाहत बसल्या. नऊ मिनिटं गेली.

"आली," गोदाबाई म्हणाल्या.

काठी टेकत एक म्हातारी येत होती.

"विचार तिले," रुख्मिणी म्हणाली. "कुठी चालल्या म्हना."

"आई, इथं असं विचारत नाईत. वाईट समजतात."

"वाळीत त तू हायेच. अजून काय करतीन?"

विपुलने खिडकी उघडली आणि विचारलं. रविवारच्या मानाने जरा मोठ्यानेच विचारलं.

म्हातारी थांबली. तिने वर पाहिलं. इकडे चौघांनी श्वास धरला. पुंजारामने तर हातही जोडून ठेवले.

मग ती बोलू लागली. काठीने तिने आपला गुडघा दाखवला, मग टेकाडामागे कुठेतरी हात केला. पिशवी उघडून आतलं काहीतरी दाखवलं आणि पुन्हा बोलू लागली.

"शिव्या देऊन राहिली काय?" पुंजारामने विचारलं.

"शिव्या इतक्या लांब नसतात," खुशालराव म्हणाले. त्यांना अनुभव होता.

"काय म्हनते रे विपुल?"

विपुल खिडकीतून इतका बाहेर वाकला होता की पडद्यावर त्याचं कोपर, म्हातारीचं अर्धं डोकं आणि बरंचसं आभाळ दिसत होतं. म्हातारीचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. गोदाबाई मधूनमधून "हो बाई" म्हणत होत्या.

आठव्या मिनिटाला विपुलने मान आत वळवली. "आई, ठेवतो," तो पुटपुटला. "मंग करतो फोन."

"ठेवू नोको," रुख्मिणी म्हणाली. "त्या बाईचं झालं नाई अजून."