बावीस अंश

सर्व्हर हॉलमधले तीन सर्व्हर तापून बंद पडले, आणि देखभालप्रमुखाचं डोकं त्यांच्याहून जास्त तापलं. भिंतीवरचा आकडा मात्र निवांत बावीस अंश सांगत होता.

"इथे घामाच्या धारा लागल्यात आणि म्हणे बावीस! अक्कल गहाण ठेवलीत का सगळ्यांनी?"

"सर, तो आकडा बघूनच आम्ही एसी चालवतो," ऑपरेटर म्हणाली.

तणतणत तो शिडीवर चढला. तापमान मोजणारा सेन्सर कुणीतरी थेट एसीच्या थंड झोतासमोर चिकटवला होता.

"कोण हा दीडशहाणा? आजच घरी बसवतो त्याला!"

त्याने चिकटपट्टी ओरबाडून काढली. तिच्यावर पेनाने लिहिलं होतं, 'फक्त तपासणीपुरतं. उद्या काढणे.' खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख होती आणि त्याचीच सही.

"सर," खालून ऑपरेटरने विचारलं, "नाव सापडलं का?"