आठवणीतले किलोमीटर

"काकू, मीटर मागे फिरवलाय," जुन्या गाड्यांचा व्यापारी मुजावर म्हणाला.

मीटरवर कुणाचा विश्वास उरला नव्हता. आता विकणाऱ्याच्या डोक्याला पट्टा लावून त्याच्या आठवणीतले किलोमीटर मोजत.

"मेल्या, मी कशाला फिरवू? पुन्हा मोज!" कुमुदिनीबाई वैतागल्या.

तिसऱ्यांदाही तेच आलं. "मीटर सत्तर हजार, डोक्यात दोन लाख. बहुतेक चिपळूणच्याच फेऱ्या. यंत्राने खोटं ठरवलं, की गाडी सरळ भंगारात जाते."

"चिपळूणला आम्ही एकदाच गेलो. हे गेल्यापासून मात्र मी रोज दुपारी पडल्या पडल्या जाऊन येते."

"मनातल्या फेऱ्या वगळायची सोय नाही यात, काकू."

"मग बघत काय बसलास? लवकर यंत्र दुरुस्त करून आण! उद्या आणखी एक फेरी वाढेल."