दारातला सामुराई

ठाकुर्लीच्या चाळीतला दिवाळीचा किल्ला बघायला परीक्षक आले, तशी शालू किल्ल्यापाशी धावली. महादरवाजाबाहेर, मावळ्यांपासून लांब, तिने केलेला मातीचा सामुराई उभा होता. डोक्यावर बुचडा, कमरेला दोन तलवारी. केबलवरच्या जपानी कार्टूनमध्ये त्याला पाहिल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. “काढ तो, नंबर जाईल आपला!” किल्ला बांधणाऱ्या पोरांचा म्होरक्या काळुदादा कानाशी खेकसला. ती ढिम्म हलली नाही. परीक्षक वाकले. “महाराजांच्या किल्ल्यावर हा कोण गं?” “सामुराई, काका!” शालू सुटलीच. “तिकडे जपानात लढाया पेटल्यात! याचा धनी पडला, राज्य गेलं, गावोगाव भटकतोय!” “मग इथे कशाला आलाय?” “नोकरी मागायला! महाराजांना माणसाची पारख आहे ना?” काळुदादाने कपाळावर हात मारला. “अगं, एवढ्या लांबून आलेल्याला दारात ताटकळत ठेवतात का?” म्हणत परीक्षकांनी पुठ्ठ्याचा महादरवाजा एका बोटाने उघडला.