दुष्टाचे डोळे

दुष्टाच्या डोळ्यांत तांबडा रंग भरून झाला आणि महबूब पेंटर शिडीवरून खाली उतरला. चार पावलं मागं सरून त्यानं पाटीकडं बघितलं. काम मनासारखं उतरलं होतं. जुळलेल्या भुवया, कपाळाला आठी, झुपकेदार मिशी. बायस्कोपच्या तंबूच्या दारात शेंगा विकणाऱ्या चिमाबाईनं वर बघितलं आणि बाजूला थुंकली.

"मुडदा बशिवला ह्येचा! नजर तर बगा की कशी हाय!"

महबूबला ह्याहून मोठी शाबासकी नको होती. बायस्कोप मुका, बघायला येणारे गिरणीवाले, त्यात वाचता येणारा शंभरात एखादा. दुष्ट कोण नि भला कोण हे पाटीवरच कळायला पाहिजे, तर माणूस तिकिटाकडं वळणार. दहा वर्षं तो हेच करत आला होता. ह्या खेपेला कंपनीनं नुसता एक फोटो पाठवला होता. मधे नटी, एका अंगाला मिशीवाला, दुसऱ्या अंगाला गुळगुळीत गालांचा. कोण कोण ते लिहिलंच नव्हतं. "लिहायला कशाला पाहिजे? तोंडच सांगतंय की," म्हणत त्यानं रंग कालवला होता.

तोंड बघून माणूस ओळखायची ही विद्या तो घरीही चालवायचा. गेल्या आठवड्यात मैनुद्दीन टांगेवाल्याच्या आईनं महबूबच्या मुलीसाठी, रशीदासाठी शब्द टाकला, तेव्हा "बघू" म्हणून त्यानं तिला वाटेला लावलं. मागनं बायकोला, गुलबानोला म्हणाला, "तोंडावर देवीचे वण, कपाळाला कायमची आठी. असल्याला पोरगी द्यायची?" त्याच्या मनात मोहोळच्या कापडवाल्याचा मुलगा भरला होता. गोरा, हसरा. शुक्रवारी त्या लोकांना शब्द द्यायचा होता. रशीदा दोन दिवस धड जेवली नव्हती, पण पोरींना काय कळतं!

दुपारी मैनुद्दीनचाच टांगा स्टेशनावरून आला. फिल्मचे डबे नेहमी तोच आणायचा. तंबूचे मालक चनमल्लप्पा यांनी पेटी उघडली, वर ठेवलेला गोष्टीचा कागद वाचला, पाटीकडं बघितलं आणि कागद परत वाचला.

"अय्यय्यो! महबूब, काय केलास रे हे? मिशीवाला नायक हाय! ते गुळगुळीत हाय की न्हाय, ते दुष्ट हाय. नटीचे दागिने घेऊन पळतंय!"

"असं कसं होईल, मालक?"

"कसं म्हंजे? कागदात हाय. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत पाटी सरळ कर. न्हाईतर लोक मला दगड घालतेत."

महबूबनं शिडी परत पाटीला लावली. सगळं पुसून नव्यानं काढायला वेळ नव्हता. मिशी काढून टाकावी, तर पडद्यावरच्या नायकाला मिशी होतीच. बदलता येण्याजोगे होते ते कपाळ आणि डोळे. पण असल्या तोंडात भले डोळे कसे दिसतात, हे त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. त्याची नजर मैनुद्दीनवर गेली.

"ए, जरा हितं सावलीत उभा ऱ्हा. हालू नको."

"व्हय चाचा. पन आदी घोडा सावलीत घेतो."

त्यानं घोडा सोडून कनातीच्या आडोशाला आणला, तोंडातला लगाम काढला, स्वतःच्या पटक्यानं त्याची मान पुसली, पुढ्यात घास टाकला. मग येऊन महबूबपुढं उभा राहिला.

महबूबनं कुंचला उचलला आणि तसाच धरून राहिला. सावलीत मैनुद्दीनच्या कपाळावरची आठी गेली होती. कपाळ कसं सपाट, मोकळं. दिवसभर उन्हाकडं तोंड करून टांगा हाकणाऱ्याला आठी पडणार नाही तर काय! त्या कपाळाखाली दोन डोळे होते, थोडे लाजलेले, फिरून फिरून घोड्याकडं जाणारे. चार वर्षं हा माणूस आपल्यापुढं डबे उतरवतोय आणि आपण त्याच्याकडं आज बघतोय, ह्याची महबूबला लाज वाटली.

त्यानं पाटीवरच्या मिशीवाल्याच्या डोळ्यांतलं तांबडं काढलं. कपाळ उजळलं. मिशीला हातसुद्धा लावला नाही. मग गुळगुळीत गालवाल्याकडं वळला. ते गाल तसेच ठेवले, हसूही ठेवलं. नजर तेवढी नटीच्या तोंडावरून काढून तिच्या गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेवर नेली. तिथं त्याचा हात अडखळला. मोहोळचा मुलगा घरी आला होता, तेव्हा असाच हसत होता. हसत हसतच त्यानं दोनदा विचारलं होतं, "घर तुमचं सोताचं का भाड्याचं?"

भोंगा झाला. गिरणीतून सुटलेली माणसं पाटीखाली थांबायला लागली. चिमाबाईनं शेंगांची टोपली डोक्यावरून खाली घेतली आणि मान वर केली.

"आन् ह्यो कोन? सकाळचा मुडदा कुटं गेला?"

"तोच हाय की, चिमाबाई."

"काय तरीच! चेहऱ्यानं राकट हाय, पन लेक द्यावी असा मानूस हाय ह्यो."

मैनुद्दीन घोडा जुंपत होता. त्यानं ते ऐकलं आणि एक पट्टा आवळायला उगाच वेळ लावला. महबूब हाताचा रंग पुसत टांग्यापाशी आला.

"तुझ्या अम्मीला सांग, शुक्रवारी नमाज झाली की आमच्या घरला या म्हणावं."

मैनुद्दीनच्या हातातला पट्टा सुटला. "काय म्हनून सांगू, चाचा?"

"सांग, महबूबनं पाटी उलटी रंगवली होती."