वेरावळपर्यंत टिकेल असं इंजिन

"गाडी गावातल्या गावात फिरवायची की लांब न्यायची, ते आधी सांगा वहिनी," केतन म्हणाला. "त्यावर काम ठरेल."

सुचिता तोंड उघडायच्या आत तिचा सासरा सदा बोलून गेला. गावापुरतीच. रिंगा बदल, हेड घासून घे, बास झालं. जास्त खोलू नको.

"खोलून झालंय काका. आता काय लाजायचं," केतन हसला.

अलिबागला केतनच्या मशीन शॉपमध्ये जुन्या अँबॅसेडरचं डिझेल इंजिन सुटं होऊन टेबलावर पसरलं होतं. जेवण झाल्यावर ताटात उरलेल्या चिंबोरीच्या नांग्यांसारखं. आईच्या कडेवरून राही त्याकडे बोट दाखवत होती आणि हात लावू दिला नाही म्हणून मधूनच कुरकुरत होती.

गाडी सदाची. पापलेटाच्या एका चांगल्या हंगामात घेतलेली. पण बोटीचं इंजिन कायमचं बंद पडलं तेव्हा सुचिताच्या नवऱ्यानं, गणराजनं, गाडीचं काढून बोटीला बसवलं. मुरुडच्या कोळीवाड्यात त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. गाडी काय, उभी राहते. बोट उभी राहिली तर चूल विझते.

मग एका पहाटे गणराज एकटाच बोट घेऊन गेला तो गेलाच. राही तेव्हा पोटात होती. चार दिवसांनी सदानं बातमी आणली, की तो गुजरातेत वेरावळला आहे, तिकडेच धंदा करतोय, तिकडे त्याचं कुणीतरी आहे, आणि परत यायचा विचार दिसत नाही. फोन लागेना. नंबर बदललाय, सदा म्हणाला.

सुचिता रडली नाही. तिनं तो नंबरच पुसून टाकला. पुढे सदा अधूनमधून, जेट्टीवर रेंज येते म्हणत, तिथे जाऊन लेकाशी बोलून यायचा. बरा हाय, एवढंच सांगायचा. गणपतीला बापाकडून म्हणून राहीला फ्रॉक यायचा. सुचिता तो लेकीला घालायची, मागची बटणं लावायची आणि काही विचारायची नाही. सदानं स्वतः दर्यावर जाणं सोडलं होतं. पोरानं नाक कापलं, आता कुणाच्या बोटीवर कुठल्या तोंडानं जाऊ, असं तो म्हणे.

यंदा मागची खोपी साफ करताना तिला पिंपात डिझेलमध्ये बुडवून ठेवलेलं हे इंजिन दिसलं. सदा गडबडला. मग म्हणाला, गणराजनं मासळीच्या टेंपोतून परत पाठवलं, त्यानं नवीन घेतलं.

ते तिला सगळ्यात जास्त झोंबलं. लोखंड घरी पाठवलं, आपण पाय ठेवला नाही. त्याच दिवशी तिनं ठरवलं. इंजिन गाडीत बसवायचं, राहीला शेजारी बसवायचं आणि वेरावळ गाठायचं. पुढच्या सहा महिन्यांत ती गाडी चालवायलाही शिकली.

आगगाडी हाय की, असं सदा पुन्हा पुन्हा सांगत होता.

"त्याच्या दारात उभं राहून हॉर्न वाजवायचाय मला," ती म्हणाली होती. "पोरीला म्हणायचंय, हा बघ तुझा बाप."

आताही ती केतनला तेच म्हणाली. वेरावळपर्यंत. सदा राहीला तिच्या कडेवरून घेऊन बाहेर गेला. बाहेर निकेश टेंपोला टेकून उभा होता. गणराजचा बोटीवरचा जोडीदार. इंजिन इथवर त्यानंच आणलं होतं, आणि एरवी बडबड्या असलेला हा माणूस मुरुडपासून अलिबागपर्यंत गप्प होता.

केतननं समजावलं. सिलिंडरला बोअर मारून मोठे पिस्टन टाकता येतील, पण आतून मिठानं खाल्लंय. खड्डे राहिले तर लांबच्या रस्त्याला भरवसा नाही. आत नव्या स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळ्या, बसवल्या तर वेरावळ काय, द्वारका करून या.

"स्लीव्हच बसवा," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

केतननं मग पिस्टनचे दांडे एकेक करून सपाट प्लेटवर ठेवले. एक डगमगला. दुसराही. त्यानं दोन्ही उजेडाकडे धरून पाहिले.

"वहिनी, हे बोटीला होतं म्हणालात ना? बोट बुडाली होती?"

"नाही."

"मग हे वाकले कसे?" त्यानं एक दांडा तिच्या हातात दिला. बंद इंजिन पाण्यात पडलं तर दांडे सरळच राहतात, तो म्हणाला. चालू इंजिनानं पाणी ओढलं तरच असे वाकतात. "बोट गेली तेव्हा इंजिन पुरतं चालू होतं. कुणीतरी शेवटपर्यंत चालवत होतं."

दांडा हातात तसाच धरून ती उभी राहिली. म्हणजे तिकडे गणराजची बोट बुडाली होती. जिवावर बेतलं असेल, आणि घरी एका शब्दानं कळवलं नाही. राग यायला हवा होता. आला नाही. त्याला त्या लाटांत थंडी वाजली असेल, हेच आधी मनात आलं. दारात गेल्यावर भांडण नंतर, आधी हे विचारायचं, असं तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

ती बाहेर आली. सदा बाकावर बसून राहीला चहात बुडवलेलं बिस्कीट भरवत होता. तिच्या हातातला दांडा पाहून निकेशनं मान फिरवली.

"बाबा, तिकडं बोट बुडाली होती, हे मला का नाही सांगितलंत? त्याला लागलं होतं का फार?"

सदा टॉवेलच्या टोकानं राहीचं तोंड पुसू लागला.

"तिकडं न्हाय," तो म्हणाला. "हितंच, मुरुडच्या किल्ल्यामागच्या खडकावर. तुझे दिवस भरत आलेले. ओहोटी लागल्यावर मी आन् निकेश गेलो." त्याचा हात थांबला. "इंजिन गावलं, पोरी. तो न्हाय गावला."