टेम्पोच्या मजुरीत

निवृत्त नर्सबाईंनी हौसेने जुनी स्पोर्ट्स कार घेतली. पण ऑइल बदलण्यासाठी शोरूमने सांगितलेला आकडा ऐकून त्यांचे डोळे पांढरे झाले. त्या थेट गल्लीतल्या गॅरेजात आल्या. "जमेल ना गं?" तिथल्या मेकॅनिकबाईने आजवर टॅक्सी आणि टेम्पोच दुरुस्त केले होते. तिचा नवरा कुजबुजला, "हात लावू नकोस. काही बिघडलं तर गॅरेज विकावं लागेल." बायको म्हणाली, "जमवते, मावशी. मजुरी टेम्पोएवढीच!" तिने गाडीचं पुस्तक दोनदा वाचलं, त्यात लिहिलेलंच ऑइल आणलं आणि ती गाडीखाली शिरली. काळंकुट्ट तेल निथळलं, नवं सोनेरी आत गेलं. स्टिअरिंगमागे बसून तिने श्वास रोखून स्टार्टचं बटण दाबलं. इंजिन असं गरजलं, की शेजारचा शिंपी कात्रीसकट धावत आला. "जमलं!" ती ओरडलीच. मावशी शेजारच्या सीटवर बसल्या. "चल, तूच चालव!" नवऱ्याने स्वतःच फाटक उघडलं.